धुराड्याकडं नजर

आमच्या लासुर्ण्याच्या पट्ट्यात जाळ राखायची विद्या गुऱ्हाळातून आली, असं माझं ठाम मत आहे. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळं. मान सगळा गुळव्याला; पण काहिलीखाली चिपाडं सारणारा गडी कच्चा असला, तर गुळव्या तरी काय करणार?

आमचे चुलते जाळ घालायचे. त्यांची नजर चुलाणात कमी, धुराड्याच्या तोंडावर जास्त. धूर काळा झाला की चिपाडं थांबवायची आणि राखेच्या तोंडाशी लावलेली वीट बोटभर सरकवायची. चिपाडातून सुटलेल्या वायूला हवा मिळाली नाही, तर तो न जळताच धुराड्यातून निघून जातो. वीट फार सरकली, तर गार वारा घुसून काहिलीची उकळी बसते. आम्ही पोरं घाईनं चिपाडं कोंबायला लागलो की ते ओरडायचे, "दम धर, आधीचं जळू दे!"

पुढं शेजारी कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांचा साखर कारखाना उभा राहिला, वालचंदनगर वसलं. चिपाडाला बगॅस म्हणायला लागले आणि बॉयलरवर विटेचं काम डॅम्परकडं आलं.

याच वालचंदशेठनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. त्याच सुमारास तिकडं इंग्लंडात फ्रँक व्हिटल जेट इंजिनातल्या जाळाशी झुंजत होते. इंजिन 12 एप्रिल 1937 ला पहिल्यांदा फिरलं खरं, पण ज्वलनकक्ष काही धड चालेना. 1940 मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबक यांचा बर्नर मिळाला, तेव्हा कुठं मार्ग निघाला. त्या इंजिनाचं विमान उडालं 15 मे 1941 ला.

हल्ली ट्रकचा जुना टर्बोचार्जर घेऊन हौशी पोरं घरीच गॅस टर्बाइन करतात. बाहेर कॅन, आत भोकाभोकांचा लायनर, दोहोंच्या मधून कंप्रेसरची हवा. ढोबळ हिशेब असा : भोकांचं एकूण क्षेत्रफळ कंप्रेसरच्या तोंडाएवढं धरायचं. त्यातलं 30 टक्के इंधनाच्या बाजूला, तिथं जाळ धरतो. 20 टक्के मधे, राहिलेलं जाळायला. उरलेली निम्मी हवा शेवटच्या मोठ्या भोकांतून, निव्वळ गार करायला. कारण जाळ 2000 अंशांच्या घरात आणि टर्बाइनचं चाक सोसतं त्याच्या निम्म्याच्या आसपास.

जास्त हवा म्हणजे जास्त जाळ, या समजुतीनं पोरं हमखास इंधनाकडची भोकं मोठी पाडतात. मग जाळ एक तर विझतो, नाही तर मागं रेटला जाऊन टर्बाइनच्या तोंडाशी जळत बसतो. असा कॅन कुणी दाखवायला आणला, की त्या बाजूची निम्मी भोकं आधी वेल्डिंगनं बुजवून आण म्हणतो, मग बोलू.