वाचायला वेळ : कुणी मिळवून दिला, कोण हिरावून घेतंय?

‘नोकरी करून वाचायला वेळच मिळत नाही,’ असं आपले तरुण सांगतात. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं : बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, तुम्हाला अर्धा तास जमत नाही? हे उत्तर अर्धवट आहे. बाबासाहेबांनी स्वतः अभ्यास केलाच. पण कामगाराच्या हाती वेळ राहावा म्हणून कायदाही केला. हा दुसरा भाग आपण सांगत नाही.

दिवसभर राबणाऱ्यांना शिकता यावं म्हणून जोतिराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये रात्रशाळा काढली. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही! १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावं लागलं. हेच लोखंडे ‘दीनबंधू’ चालवत होते. कामगाराला मोकळा वेळच नसेल, तर त्याच्यासाठी काढलेलं पत्र वाचणार कोण?

बाबासाहेबांनी या प्रश्नाला वैचारिक पाया दिला. ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना ते फुरसतीचा मुद्दा मांडतात. माणूस पशूहून वेगळा ठरतो तो संस्कृतीमुळे आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. म्हणून त्यांना यंत्र हवं होतं. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त कष्ट आले, त्यांना फुरसत मिळणं ही चैन नव्हे, मुक्तीची अट आहे.

पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडलेल्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतली आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. आणि जून १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग होते. एकीकडे वेळ, दुसरीकडे त्या वेळेत शिकण्याची जागा.

व्हॉट्सॲपवर ‘१४ तासांचे ८ तास केले’ असं फिरतं. ते फिरवू नका. ५४ चे ४८ हा खरा आकडा आहे आणि तो लहान नाही. आठवड्याचे सहा तास म्हणजे वर्षाला तीनशेहून अधिक तास!

आज काय चाललंय? सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असं सांगितलं जातं. पण बारा तास उभं राहून आलेला माणूस रात्री पुस्तक उघडेल? सिक्युरिटी गार्ड, कंत्राटी सफाई कामगार, डिलिव्हरीवाले यांना तर ही मर्यादा प्रत्यक्षात कधी मिळालीच नाही. त्यांत आपलीच माणसं किती आहेत, ते वस्तीत पाहा.

म्हणून मित्रांनो, स्वतःला आळशी म्हणत बसू नका. कामाच्या तासांचा प्रश्न युनियनमध्ये आणि मोर्चात मांडा. रविवार सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी लढून मिळवलेला आहे. त्यातले दोन तास विहारात बसून सोबत वाचा. आणि घरातली बाई नोकरी करून स्वयंपाकही करत असेल, तर तिच्या वाचनाचा वेळ आपणच खातो आहोत. भांडी घासायला उठा. ‘शिका’ हा आदेश तिलाही आहे.

जयभीम!