ऐकून घेणारा माणूस

स्मरणिकेसाठी 'तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी लिही' असा आपल्या ग्रुपवर हुकूम आला. संगणकाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. ती सुरू मात्र होते एका मानसशास्त्रज्ञापासून.

कार्ल रॉजर्स यांचा जन्म १९०२ चा, शिकागोजवळच्या ओक पार्कचा. घर धार्मिक, कडक शिस्तीचं. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेलं. कॉलेजात त्यांनी आधी शेतीशास्त्र घेतलं. मग धर्मोपदेशक व्हायचं ठरवून न्यूयॉर्कच्या सेमिनरीत दोन वर्षं काढली आणि तिथून रस्त्यापलीकडच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्राकडे वळले.

पुढे रॉचेस्टरला बारा वर्षं त्यांनी अडचणीतल्या मुलांसाठी काम केलं. तिथली एक आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येई. तिनेच मुलाला लहानपणी झिडकारलं होतं, दुखण्याचं मूळ तिथे आहे, हे त्यांना दिसत होतं. पण परोपरीने समजावूनही तिला ते पटेना. शेवटी दोघांनी हात टेकले. निघताना ती दारातून वळली आणि तिने विचारलं, इथे मोठ्यांनाही सल्ला मिळतो का? हो म्हटल्यावर ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराचं दुःख सांगू लागली. या खेपेला रॉजर्सनी फक्त ऐकलं. पुढे तीही सावरली, मुलगाही.

कुठे दुखतंय हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, ही त्यांच्या पद्धतीची बैठक. समोरच्याला ते 'रुग्ण' न म्हणता 'क्लायंट' म्हणत. सल्लागाराने खरेपणाने वागावं, समोरच्याला विनाअट स्वीकारावं आणि त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं, एवढंच मागणं.

आता संगणक. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो रॉजर्स पद्धतीच्या सल्लागाराची नक्कल करी. वाक्यातला एखादा शब्द पकडून तो उलट प्रश्न विचारी. त्याला कळत काहीच नव्हतं. तरीही वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरीने थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! ते इतके अस्वस्थ झाले, की १९७६ मध्ये त्यांनी संगणकाच्या मर्यादांवर पुस्तकच लिहिलं.

इंजिनिअरिंगला असताना मीही असा एक प्रोग्रॅम लिहिला होता. 'समुपदेशन म्हणजे एवढंच?' म्हणून आम्ही हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एकाचा रात्री फोन आला. नोकरी गेली होती. मी लगेच कामाला लागले: बायोडेटा असा कर, हा कोर्स कर, या तिघांना फोन कर. तो 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला. कितीतरी महिन्यांनी म्हणाला, "अगं, त्या रात्री मला एवढंच सांगायचं होतं, की घरी अजून सांगितलेलं नाही."

सेक्रेटरीबाईंना एलायझाजवळ काय मिळालं असेल, ते मला तेव्हा उमगलं. निदान ती मधे बोलत नव्हती.

त्याला विचारूनच हे लिहिते आहे. मेळाव्याला तो येणार आहे. चहा घेऊन त्याच्या शेजारी बसेन म्हणते. या वेळी यादी नेणार नाही.