आवाजाची पोंच आणि पुण्याची मैफल

गाण्याच्या बैठका पुण्याला नव्या नाहींत. परंतु अलीकडे येथील क्लबांत आणि उपाहारगृहांत जी एक निराळी बैठक भरूं लागली आहे, तिच्याकडे पुष्कळ जाणत्या श्रोत्यांचें लक्ष अद्याप गेलेलें नाहीं. एकाच रात्रीं तरुणांचीं तीन-चार पथकें पाठोपाठ गातात. संगीत रॉक पद्धतीचें. मात्र विजेची गिटार आणि मोठा ड्रमसंच बाजूस ठेवलेला असतो. त्यांच्या जागीं पोकळ लांकडी गिटार असते, आणि तालासाठीं वादक ज्या पेटीवर बसतो तीच पेटी हातांनीं वाजवितो. ही पेटी मूळची पेरू देशांतली. तिला ‘काहोन’ म्हणतात. गायकापुढें बहुधा ध्वनिग्राहक असतो हें खरें. पण नाद उत्पन्न होतो तो तारेंतून आणि लांकडांतून. अशा वादनाला ‘अकूस्टिक’ असें नांव आहे. रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट अशी ज्यांची समजूत आहे, ते अशा रात्रीं बुचकळ्यांत पडतील. रॉकनें आपला आवाज खालीं कां आणला, आणि पुण्याच्या संगीत-इतिहासांत या गोष्टीला कांहीं पूर्वपीठिका आहे काय, याचा आज विचार करूं.

ध्वनिवर्धक यंत्र येण्यापूर्वीं गळा जेथवर पोंचेल तेथवर मैफल, असा सरळ हिशेब होता. गाण्याची जागा म्हणजे बहुधा संस्थानिकाचा दिवाणखाना किंवा धनिकाचा वाडा. आणि तेथें निमंत्रणावांचून प्रवेश नसे. इ. स. १८७४ मध्यें पुण्यांत ‘गायन समाज’ स्थापन झाला. बळवंत त्रिंबक सहस्रबुद्धे हे त्याचे चिटणीस. सुशिक्षित घराण्यांनीं गायनाकडे हीन दृष्टीनें न पाहतां त्याचा अभ्यास करावा, हा त्या संस्थेचा हेतु होता. पुढें १८८३ मध्यें तिची शाखा मद्रासेसही निघाली. दरम्यान ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यांतच रंगभूमीवर आलें, आणि संगीत नाटकाच्या थिएटरांत तिकिटाचे पैसे देणाऱ्या कोणासही उत्तम गाणें ऐकावयास मिळूं लागलें. १९११ मध्यें भास्करबुवा बखले यांनीं भारत गायन समाजाची स्थापना केली, तेव्हां शिक्षणाचें दारही सामान्य गृहस्थाला उघडें झालें. वाडा, सभा, थिएटर, विद्यालय अशा क्रमानें गाण्याची जागा विस्तारत गेली. पण या साऱ्या काळांत गवयाचा गळा हेंच ध्वनिवर्धक होतें. पिटांतल्या शेवटच्या प्रेक्षकाला पद ऐकूं जावें म्हणून नटास उंच पट्टींत, खुल्या आवाजानें गावें लागे.

ध्वनिवर्धकानें ही मर्यादा मोडली. १९५२ मध्यें रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व निवर्तले आणि पुढील वर्षीं, १९५३ मध्यें, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं गुरूच्या स्मरणार्थ पुण्यांत संगीतोत्सव सुरू केला. आकाशवाणीचें पुणें केंद्रही त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला सुरू झालें. हळूहळू त्या उत्सवाच्या मंडपांत हजारों श्रोते बसूं लागले. गवयाला आतां आरोळी देण्याचें कारण उरलें नाहीं. अतिसूक्ष्म मींडही शेवटच्या रांगेपर्यंत पोंचूं लागली. हा यंत्राचा मोठाच उपकार होय. रात्र सरत आली कीं पहांटेचे राग गाइले जात. ललत किंवा तोडी त्यांच्या स्वाभाविक प्रहरीं ऐकण्याचें भाग्य सामान्य पुणेकराला अशा रात्रींनीं दिलें.

इकडे हें घडत असतां पाश्चात्य देशांतही आवाजाच्या पोंचीचाच प्रश्न निराळ्या रीतीनें सुटत होता. जाझच्या पथकांत पितळी वाद्यांपुढें बिचाऱ्या गिटारचा आवाज लोपून जाई. म्हणून १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत विजेची गिटार बाजारांत आली. तारांखालीं चुंबक आणि तारेचें वेटोळें बसवावें, म्हणजे पोलादी तारेच्या कंपनानें त्यांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो आणि तो यंत्रानें हवा तितका वाढवितां येतो, अशी ती युक्ति. पोकळ लांकडी पेटाऱ्याची मग गरजच राहिली नाहीं. पुढें १९५० नंतरच्या दशकांत रॉक संगीत उदयास आलें, तें या वाद्याच्या जोरावर. २५ जुलै १९६५ रोजीं न्यूपोर्टच्या लोकसंगीत उत्सवांत बॉब डिलन हा कवि-गायक विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां श्रोत्यांपैकीं कांहींनीं त्याची हुर्यो उडविली. लांकडी वाद्य म्हणजे सच्चेपणा आणि विजेचें वाद्य म्हणजे बाजार, असें त्यांना वाटे. चोवीस वर्षांनीं फांसा उलट पडला. १९८९ मध्यें अमेरिकेंतील एम. टी. व्ही. या वाहिनीनें ‘अनप्लग्ड’ ही मालिका सुरू केली आणि नामांकित रॉक-वादकांना लांकडी वाद्यें घेऊन लहानशा श्रोतृसमूहापुढें बसविलें. एरिक क्लॅप्टनची त्यांतली बैठक १९९२ मध्यें ध्वनिमुद्रिकेच्या रूपानें निघाली आणि जगभर गाजली. यंत्राचें कवच उतरल्यावर गाण्याची चाल आणि शब्द जर टिकत असतील, तरच तें गाणें खरें, अशी एक कसोटीच त्यामुळें रूढ झाली.

आतां पुन्हां पुण्याकडे येऊं. २००० मध्यें भारत सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्या जागीं ध्वनिवर्धक लावण्यास त्यांनीं मनाई केली. निवासी भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ठरली. बंदिस्त सभागृहांना रात्रींच्या बंदींतून सूट आहे, आणि सणा-उत्सवांसाठीं वर्षांतून फार तर १५ दिवस मध्यरात्रींपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या व्यवस्थेवर शिक्कामोर्तब केलें. रुग्णाला, विद्यार्थ्याला आणि थकल्या माणसाला झोंप मिळावी, हा न्याय कोणीही नाकारणार नाहीं. परंतु ज्या यंत्रानें हजारोंना मैफलींत आणलें, त्याच यंत्रामुळें मंडपांतली रात्रभराची बैठक संपली, हेंही तितकेंच खरें. पहांटेचा राग पहांटे ऐकणें आतां दुर्मिळ झालें आहे.

रॉकच्या तरुणांपुढेंही हीच अडचण आहे. डिसेंबर २०१० मध्यें कोरेगांव पार्क भागांत ‘एन. एच. सेव्हन वीकेंडर’ हा मैदानी उत्सव प्रथम भरला, आणि पुण्याचें नांव या संगीताच्या नकाशावर ठळक झालें. ‘अग्नी’ या पुण्याच्या पथकानें त्यापूर्वींच हिंदींत रॉक गाऊन देशभर लौकिक मिळविला होता. पण मैदान वर्षांतून एकदां मिळतें. बाकीच्या दिवसांत नवख्या पथकानें गावें कोठें? मोठा ड्रमसंच वाजविला तर शेजारी तक्रार करणार, आणि ध्वनियंत्रणेचें भाडें तिकिटांतून निघणार नाहीं. लांकडी गिटार आणि पेटी घेऊन मात्र चाळीस-पन्नास माणसांच्या खोलींत बसतां येतें. पाश्चात्यांच्या अनुकरणाचा भाग त्यांत आहेच. पण शहराच्या गरजेचाही आहे.

या बैठकींत वैगुण्यें नाहींत असें नाहीं. क्लबांत लोक खाण्यापिण्यासाठीं येतात, बोलतात, बशा वाजतात. गाणीं बहुतेक इंग्रजी असतात आणि मराठी गीत क्वचित् कानीं पडतें. परंतु १८७४ मध्यें गायन समाज काढणाऱ्यांपुढेंही मुख्य प्रश्न वादकांचा नसून श्रोत्यांचाच होता. गाणें हें भोजनोत्तर करमणुकीचें साधन नसून लक्ष देऊन ऐकण्याची वस्तु आहे, ही दृष्टि त्यांना समाजांत रुजवावयाची होती. तें काम आतां क्लबाच्या खोलींत नव्यानें करावयाचें आहे. आवाज यंत्रानें वाढविला, तर बोलणाऱ्या श्रोत्यांवर मात करतां येते. लांकडी गिटारला तो उपाय नाहीं. तेथें श्रोता गप्प बसला तरच गाणें आहे.

म्हणून घरांतला मुलगा किंवा मुलगी अशा रात्रींस गाण्यास निघाली, तर वडीलधाऱ्यांनीं एकदां तिकीट काढून मागच्या बांकावर जाऊन बसावें. चाल कदाचित् आवडणार नाहीं. परंतु पुण्यानें जी शांतपणें ऐकण्याची शिस्त दीड शतकांत कमावली, ती त्या खोलींत नेऊन बसविणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.