मातेने राखलेली वाचा

वाचोपचार हा आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याची महाविद्यालये आहेत, पदव्या आहेत. यांपैकी काहीही नव्हते अशा काळी अमेरिकेतील एका गृहिणीने हे कार्य आपल्या घरात अंगावर घेतले. त्या गर्ट्रूड हबर्डबाईंचे व त्यांच्या मेबल या कन्येचे स्मरण आज करावयाचे आहे. मेबल पुढे टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची पत्नी झाली. परंतु ही कथा टेलिफोनच्या आधी सुरू होते.

हबर्ड कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज गावी राही. गृहस्वामी गार्डिनर हबर्ड हे वकील होते. मेबलचा जन्म १८५७ सालचा. ती पाच वर्षांची असताना तिला स्कार्लेट ज्वराने गाठले. प्राण वाचले, पण श्रवणशक्ती समूळ गेली. अशा वेळी कानापाठोपाठ लहान मुलाची वाचाही मालवू लागते. स्वतःचा शब्द स्वतःस ऐकू येत नाही, म्हणून तो सुधारता येत नाही. आणि पुढे बोलण्याची इच्छाच उरत नाही. आईबापांनी बोस्टनच्या अंधशाळेचे डॉ. सॅम्युएल हौ यांचा सल्ला घेतला. त्यांनी सांगितले, मुलीशी बोलत राहा. खुणेने मागेल ते देऊ नका, शब्दानेच मागू द्या.

उपदेश दोन वाक्यांचा, आचरण मात्र रोजचे. तहानलेल्या पोरीने पेल्याकडे बोट दाखवावे आणि तिच्या ओठांवर शब्द येईपर्यंत आईने हात आवरून धरावा, यास काळीज किती घट्ट लागत असेल याची कल्पना मातांनीच करावी. पुढे मेरी ट्रू ही तरुण शिक्षिका मदतीस आली. तिलाही बहिऱ्या मुलांस शिकविण्याचा पूर्वानुभव नव्हता. मेबलची वाचा टिकली, आणि समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखण्याची विद्याही तिने आत्मसात केली.

अमेरिकेत बहिऱ्यांचे शिक्षण १८१७ साली हार्टफर्ड येथे निघालेल्या शाळेच्या धर्तीवर खुणांच्या भाषेत चाले. बोलण्यावर भर देणारी शाळा काढू द्यावी, ही गार्डिनर हबर्ड यांची खटपट १८६४ साली फसली. १८६७ साली विधिमंडळाच्या समितीपुढे नऊ वर्षांची मेबल उभी राहिली व विचारलेल्या प्रश्नांची तिने तोंडी उत्तरे दिली. त्याच वर्षी नॉर्थॅम्प्टन येथे क्लार्क विद्यालय सुरू झाले.

१८७३ साली मेबल बेल यांची विद्यार्थिनी झाली आणि १८७७ साली त्यांची पत्नी. बेल यांच्या स्वतःच्या मातोश्रींनाही ऐकू कमी येई, आणि वाणीचे शिक्षण हा त्यांचा वडिलोपार्जित व्यवसाय होता. मेबलबाईंना दोन मुली झाल्या. दोन मुलगे मात्र तान्हेपणीच गेले. १८९५ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात त्यांनी ओष्ठवाचनावर एक लेख लिहिला. ओठांवर थोडेच दिसते, बाकीचे बुद्धीने जुळवावे लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पतीच्या निधनानंतर पाच महिन्यांनी, जानेवारी १९२३ मध्ये, त्या निवर्तल्या.

हे सर्व आपणांस कळते ते या घराण्याने कागद जपले म्हणून. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात या कुटुंबाचे लाखाहून अधिक कागद आहेत, आणि त्यांत मायलेकींचा पत्रव्यवहारही आहे. अशा कागदांचे महत्त्व कौतुकापुरते नसते. मतप्रचाराच्या ओघात जे तपशील गळून जातात ते तेथे टिकून राहतात. मेबलने पाच वर्षे भाषा कानांनी ऐकली होती. ती जन्मतः बहिरी नव्हती. घरी संपत्ती होती, स्वतंत्र शिक्षिका होती, आणि आईला सवड होती. इतके असूनही परक्या माणसास तिचे बोलणे सहज समजत नसे.

जगाने मात्र तपशील वगळून निष्कर्ष तेवढा उचलला. १८८० साली मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने बहिऱ्यांस तोंडी पद्धतीनेच शिकवावे असा ठराव केला. मत देणाऱ्यांत बहिरे जवळजवळ कोणी नव्हते. स्वतः बेल या पक्षाचे खंदे पुरस्कर्ते होते. शाळाशाळांतून खुणांना बंदी झाली, मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या देशातील बहिऱ्यांच्या शाळांतही दीर्घकाळ तोंडी पद्धतीचाच वरचष्मा राहिला. जन्मबधिर मुलांची कोवळी वर्षे अशा रीतीने कोणत्याच भाषेविना गेली. २०१० साली व्हँकुव्हर येथील परिषदेने मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला; आणि २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण करणारी संस्था स्थापन झाली.

गर्ट्रूडबाईंस याचा दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या एका मुलीसाठी जे योग्य वाटले ते त्यांनी केले, आणि ते तिच्यापुरते फळासही आले. दोष आहे तो एका घराचे यश सर्व घरांचा नियम करणाऱ्यांचा. म्हणून ज्यांच्या घरी असे मूल आहे व जे त्याची हकीकत लिहून ठेवीत आहेत, त्यांस एवढीच विनंती, की काय साधले याबरोबर ते कशामुळे साधले, किती हातांनी साधले आणि काय साधले नाही, हेही लिहावे. दुसऱ्या एखाद्या आईस त्याचाच खरा उपयोग होईल.