लॅव्हेंडरवरील कीड व रोग

लॅव्हेंडर (प्रजाती: लॅव्हेंड्युला) हे तुळशीच्या कुळातील (लॅमिएसी) सुगंधी झुडूप आहे. बागेत लावले जाणारे सामान्य लॅव्हेंडर मूळचे भूमध्य सागरी प्रदेशातील असून कोरड्या, खडकाळ जमिनीत चांगले वाढते. त्यावर सहज दिसणारे कीटक सहसा झुडूप मारत नाहीत. झुडूप दगावते ते बहुधा मुळांशी साचलेल्या पाण्यामुळे किंवा वाहिन्यांत शिरलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. त्यामुळे उपायापूर्वी अचूक निदान आवश्यक असते.

कीड

रोझमेरी भुंगेरा (क्रायसोलिना अमेरिकाना) : हिरव्या व जांभळ्या रंगाचे चकचकीत पट्टे असलेला हा भुंगेरा नावाने ‘अमेरिकाना’ असला, तरी मूळचा दक्षिण युरोपातील आहे. प्रौढ व अळ्या पाने खातात. झुडपाखाली कागद पसरून फांद्या झटकल्यास ते वेचून काढता येतात.

फेस करणारा कीटक (फिलेनस स्प्युमेरियस) : याची पिल्ले फांद्यांवर थुंकीसारख्या फेसात राहून रस शोषतात. प्रत्यक्ष नुकसान नगण्य असते. मात्र प्रौढ कीटक झायलेला या जीवाणूचा वाहक आहे.

रोग

मूळकूज : निचरा न होणाऱ्या जमिनीत फायटॉप्थोरा हा बुरशीसदृश सूक्ष्मजीव मुळे कुजवतो. पाने करडी पडून झुडूप कोमेजते. हे पाण्याच्या कमतरतेचे लक्षण समजून अधिक पाणी दिल्यास रोग बळावतो.

स्टॉल्बर : फ्रान्समधील प्रोव्हान्स येथील लॅव्हेंडर शेतीचे या रोगाने मोठे नुकसान केले आहे. अन्नवाहिन्यांत राहणाऱ्या फायटोप्लाझ्मामुळे झुडूप पिवळे पडून वाळते. हायलेस्थीस ऑब्सोलीटस हा तुडतुड्यासारखा कीटक त्याचा प्रसार करतो. त्याची पिल्ले जमिनीखाली मुळांवर वाढतात. बाधित झुडूप बरे करणारे औषध नाही.

झायलेला फास्टिडिओसा : हा जीवाणू जलवाहिन्या अडवतो. 2013 मध्ये इटलीच्या अपुलिया प्रांतात ऑलिव्हच्या झाडांवर तो आढळला. लॅव्हेंडर हीही त्याची पोषक वनस्पती असल्याने रोपांच्या वाहतुकीतून तो दूरवर पोहोचण्याचा धोका असतो.

प्रतिबंध

रोगमुक्त रोपे निवडावीत. भारी जमिनीत उंचवटा करून लागवड करावी व माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. फुलोऱ्यानंतर हलकी छाटणी करावी. पाने नसलेल्या जुन्या खोडापर्यंत कापल्यास नवी फूट सहसा येत नाही. कुजलेली झुडपे मुळांसह काढून टाकावीत व त्याच जागी लगेच लॅव्हेंडर लावू नये.