बाळगोळी आणि गिरणीचा भोंगा

मुंबईच्या गिरणगावात एकेकाळी सर्रास वापरली जाणारी बाळगोळी, म्हणजे अफूत जायफळ, केशर असे जिन्नस मिसळून तान्ह्या मुलांसाठी वळलेली बारीक गोळी, घरगुती औषधांत मोडत असली, तरी तिचा एवढा प्रसार का झाला हे गिरणीच्या भोंग्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. १९२२ च्या कारखाने कायद्यानंतरही दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेता येत असे. त्यामुळे बाळंतपण आटोपून वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात परतणाऱ्या बाईला, चाळीतल्या खोलीत ठेवलेले मूल आपण येईपर्यंत निजून राहील, अशी तजवीज करूनच घर सोडावे लागे. त्याच वर्षी डॉ. बार्न्स यांनी केलेल्या पाहणीत गिरणीकामगार स्त्रियांच्या ९८ टक्के बाळांना अफू दिली जात असल्याचे नोंदवले गेले.

अफूने गुंगी येते, आतड्यांची हालचाल मंदावते आणि भूक दबते, म्हणून मूल शांत दिसत असतानाच रोडावत जाते. सवय जडल्यावर गोळी चुकली, की विथड्रॉवलची लक्षणे, म्हणजे अंगवळणी पडलेले द्रव्य एकाएकी तुटल्याने होणारा त्रास, सुरू होतात: कर्कश रडणे, हातापायांचा थरकाप, शिंका, जुलाब. पुढची गोळी देताच हे सारे थांबत असल्याने ती गुणकारी ठरे. जे दुखणे ती बरे करी, ते तिनेच लावलेले असे.

१८७८ च्या कायद्याने अफूची विक्री सरकारी परवान्याखाली होती, आणि १८९३ ते १८९५ या काळात चौकशी करणाऱ्या शाही आयोगाला सरसकट बंदीची गरज वाटली नव्हती. गिरणगावातल्या बाळांच्या संगोपनाला आधार मिळू लागला तो कामगार कायद्यांतून: आर. एस. आसवले यांनी मांडलेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिलेल्या विधेयकातून १९२९ चा प्रसूती लाभ कायदा आला, तर १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांना पाळणाघर सक्तीचे केले.

विथड्रॉवलची हीच लक्षणे गर्भातच आईच्या रक्तावाटे अफूवर्गीय द्रव्ये पोचलेल्या नवजातांतही दिसतात; ती गुण देऊन मोजण्याची पद्धत लोरेटा फिनेगन यांनी १९७५ साली अमेरिकेत मांडली. त्या गुणांनुसार मॉर्फिन सुरू करून मात्रा हळूहळू उतरवली जाई. अलीकडे मात्र मंद उजेड, घट्ट लपेटणे, आईच्या अंगाची ऊब आणि वारंवार पाजणे यांना अग्रक्रम मिळाला असून, बाळ नीट पिते का, झोपते का, समजूत घातल्यावर शांत होते का, एवढ्यावरून औषधाची गरज ठरवली जाते. या उपचारासाठी आईजवळ बाळापाशी बसण्याइतका वेळ असावा लागतो, आणि गिरणगावातल्या बाईजवळ नेमका तोच नव्हता.