इफुगावची भातखाचरं: आधी दुष्काळ, मग वादळ, डोंगरावरचे आदिवासी शेतकरी कसे तग धरतायत?

हिरव्यागार डोंगरावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली भातखाचरं, त्यात साचलेलं पाणी आणि वर ढग. हा फोटो तुमच्या फीडवर कधी ना कधी आला असेल. बऱ्याचदा त्याखाली लिहिलेलं असतं, 'जगातलं आठवं आश्चर्य'. ही जागा म्हणजे फिलिपिन्समधलं बनावे. तिथल्या २० पेसोंच्या नोटेवरही ही खाचरं छापलेली आहेत.

फोटोत दिसत नाही ती गोष्ट अशी की ही खाचरं दरवर्षी कुठे ना कुठे ढासळतात आणि दरवर्षी कुणीतरी ती पुन्हा बांधतं. हवामान बदलामुळे ढासळण्याचा वेग आणि बांधण्याचा वेग यांचं गणित बिघडत चाललंय. नेमकं काय घडतंय, ते समजून घेऊया.

खाचरं कुठे आहेत, कुणाची आहेत?

फिलिपिन्सच्या उत्तरेला लुझोन बेटावर कॉर्डिलेरा ही डोंगररांग आहे. तिथे राहणाऱ्या आदिवासी समाजाचं नाव इफुगाव, आणि प्रांताचं नावही तेच. साधारण ७०० ते १५०० मीटर उंचीवर या लोकांनी दगड-मातीचे बांध घालून भातशेती उभी केली.

१९९५ मध्ये युनेस्कोने इथल्या पाच ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. बाताद, बांगाआन, मायोयाओ, हुंगदुआन आणि नागाकादान ही ती ठिकाणं. गंमत म्हणजे, पर्यटक ज्या पॉइंटवरून बनावेचा फोटो काढतात, समोरची ती खाचरं या यादीत नाहीत. तिथे आधुनिक बांधकाम बरंच झालं होतं.

२००० वर्षं की ४०० वर्षं?

ही खाचरं २००० वर्षं जुनी आहेत, असं सर्रास लिहिलं जातं. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या किआंगन गावात उत्खनन केलं, तेव्हा वेगळं चित्र समोर आलं. त्यांच्या मते इथे आधी अळूसारखी कंदपिकं घेतली जात. पाण्यातली भातशेती पसरली ती साधारण ४०० वर्षांपूर्वी, म्हणजे स्पॅनिश सत्ता लुझोनमध्ये आल्यानंतर. सखल भागातले लोक डोंगरात सरकले आणि शेतीची पद्धत बदलली.

यामुळे खाचरांचं महत्त्व कमी होत नाही. उलट, संकट आल्यावर शेती बदलायची सवय या समाजाला जुनी आहे, हे त्यातून कळतं.

पाणी कसं फिरतं?

सगळ्यात वर असतं जंगल. त्याला 'मुयोंग' म्हणतात. हे जंगल कुटुंबाच्या मालकीचं असतं आणि वारसाने पुढच्या पिढीकडे जातं. जंगलात पाऊस मुरतो, झरे बारमाही राहतात. झऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यात वरच्या खाचरात येतं, तिथून सांडव्यातून खालच्या खाचरात, मग त्याच्या खालच्या.

म्हणजे एकाचं सांडलेलं पाणी हे दुसऱ्याचं सिंचन. वरच्याने पाणी अडवलं की खालच्याचं पीक गेलं. वरचा बांध फुटला की खालचे बांधही धोक्यात.

म्हणूनच इथे पाण्याचे कायदे कडक आहेत. अमेरिकी अभ्यासक रॉय बार्टन यांनी १९१९ मध्ये इफुगाव समाजाचे रूढ कायदे लिहून प्रसिद्ध केले. त्यातला एक नियम असा: जे पाणी आधीपासून एका शेताला मिळतंय, ते वळवून दुसऱ्या शेताला देता येत नाही, दुसरं शेत झऱ्याच्या जास्त जवळ असलं तरीही.

वर्षातून एकच पीक का?

इथल्या पारंपरिक भाताला 'तिनावोन' म्हणतात. अर्थ साधारण 'वर्षातून एकदा येणारं'. लावणी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला आणि कापणी जून-जुलैमध्ये. थंडी सोसणाऱ्या या वाणांना तयार व्हायला बराच वेळ लागतो.

हे वेळापत्रक नीट पाहा. फिलिपिन्सच्या परिसरात वर्षाला सरासरी २० चक्रीवादळं येतात आणि त्यांचा जोर साधारण जुलै ते ऑक्टोबर असतो. म्हणजे वादळं ऐन भरात येईपर्यंत भात बहुतेक घरात आलेला असतो. पीक निघाल्यावरही खाचरात पाणी ठेवतात, म्हणजे माती आणि बांध सुकत नाहीत.

मग बिघडलं कुठे?

बिघाड दोन टोकांना आहे.

पहिलं टोक, कोरडं. लावणीनंतरचे महिने मुळात कमी पावसाचे. त्यात एल निनो आला की झरे आटतात. २०१० च्या सुरुवातीला असंच झालं आणि बनावेची खाचरं भेगाळल्याचे फोटो जगभर छापून आले. पाणी गेलं की फक्त पीक जात नाही, बांधालाही तडे जातात. मोठी गांडुळं मातीत बिळं करतात आणि नंतर त्यातून पाणी गळतं, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

दुसरं टोक, अति पाऊस. तडे गेलेल्या बांधावर मुसळधार पाऊस पडला की पाणी आत शिरतं, माती फुगते आणि भिंत सुटते. ७ जुलै २०२२ ला बनावे गावात अचानक पूर आला, रस्त्यांवर चिखलाचे लोट वाहिले.

एल निनो नैसर्गिक आहे, वादळंही नवी नाहीत. पण हवा जितकी गरम, तितकं जास्त बाष्प ती धरते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोरात पडतो आणि कोरड्या दिवसांत जमीन लवकर सुकते. दुष्काळाने सैल केलेला बांध पावसाने पाडायचा, हे चक्र त्यामुळे घट्ट होतं.

शेतकरी काय करतायत?

जंगल राखणं. मुयोंग टिकलं तर झरा टिकतो. स्वतःच्या मुयोंगमधलं लाकूड कायदेशीरपणे वापरता यावं, म्हणून सरकारकडून खास परवाना मिळतो. मालकी मान्य झाली की जंगल राखण्यात कुटुंबाचा स्वार्थही राहतो.

वाणांचा मेळ. लवकर येणारी सुधारित वाणं लावून दोन पिकं घेता येतात. पण दुसरं पीक वादळाच्या तोंडी सापडतं. त्यामुळे तिनावोन पूर्ण सोडणं परवडत नाही. २०१४ मध्ये फिलिपिन्सचं कृषी खातं आणि आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांनी पारंपरिक वाणांना चांगला भाव मिळावा म्हणून प्रकल्प सुरू केला.

पाटांची दुरुस्ती. काही ठिकाणी पाटांना सिमेंट लावलं, पाइप टाकले. गळती थांबते, पण बांधाच्या भिंतीला सिमेंट लावलं की मागचं पाणी झिरपत नाही आणि दाब वाढतो. कोरड्या दगडी भिंतीतून ते वाट काढतं. त्यामुळे सिमेंट कुठे वापरायचं, हे ठरवावं लागतं.

पाण्यातून पैसा. किआंगनमध्ये २०१० साली आंबांगल नदीवर २०० किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. त्याचं उत्पन्न खाचरांच्या संवर्धन निधीत जातं.

खरी टंचाई माणसांची

२००१ मध्ये युनेस्कोने ही खाचरं 'धोक्यातील वारसा' यादीत टाकली. डागडुजी आणि नियोजन सुधारल्यावर २०१२ मध्ये ती यादीतून बाहेर आली. पण मूळ प्रश्न संपलेला नाही.

बांध दुरुस्तीला यंत्र चालत नाही. अरुंद वाटांवरून दगड माणसालाच वाहावे लागतात. त्यासाठी इथे 'उब्बु' ही पद्धत आहे: आज माझ्या शेतात तू, उद्या तुझ्या शेतात मी. आपल्याकडच्या इर्जिकीसारखीच. पुणे जिल्ह्यात भीमाशंकर भागातले महादेव कोळी आदिवासी तर 'पडकई' पद्धतीने एकत्र येऊन डोंगरउतारावर भातखाचरंच तयार करतात. तिथे काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला होता.

पण तरुण शहरात गेले की उब्बुला हात उरत नाहीत. इथलं भात मुख्यतः घरी खायला पुरतं, त्यात मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघत नाही. त्यामुळे जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. एकाने शेत सोडलं की त्याचा बांध फुटतो आणि पाणी खालच्या शेजाऱ्याच्या शेतात चुकीच्या जागी उतरतं.

यावर उपाय म्हणून जपानच्या कानाझावा विद्यापीठाच्या मदतीने इफुगाव राज्य विद्यापीठात तरुणांसाठी प्रशिक्षण सुरू झालं. बांध रचणं, बी निवडणं, पाणी वाटणं हे आजी-आजोबांकडचं ज्ञान आजच्या मुलांपर्यंत पोहोचवायचं आणि त्यातून कमाईही उभी करायची, असा हेतू आहे.

पाऊस कधी आणि किती पडेल, हे इफुगाव शेतकऱ्यांच्या हातात नाही. पडलेला बांध पुढच्या लावणीआधी उभा राहील का, हे मात्र गावात किती माणसं उरली आहेत त्यावर ठरतं.